लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिक एकत्र करून करिअर होतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या मेळावर पोट भरतं का, त्यासाठी कोणता कोर्स करावा, आणि संबळ-हलगीचे चांगले लूप (पुन्हा पुन्हा फिरवायचे रेकॉर्ड केलेले तुकडे) कुठे मिळतील. पोट भरतं, पण उशिरा. तिसरा प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

उशिरा म्हणजे किती, ते आधी सांगतो. न्यूक्लिया या नावानं आज सगळ्यांना माहीत असलेला इलेक्ट्रॉनिक संगीतकार उद्यन सागर १९९८ साली बंदिश प्रोजेक्ट या गटात होता. त्याचा 'बास रानी' अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजला तो २०१५ मध्ये. मधल्या सतरा वर्षांबद्दल कुणी विचारत नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही बास आणि ड्रमची इलेक्ट्रॉनिक यंत्रं हाताशी घेऊन मुंबईत दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती चालली नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली आणि मग लोक त्यांना शोधत आले, तोवर त्यांचं वय झालं होतं.

आणि हे काही नवीन आहे असंही समजू नका. लालबाग-परळच्या बेंजो पार्ट्या इलेक्ट्रिक बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) घेऊन कोळीगीतं वाजवतात, त्याला कित्येक वर्षं झाली. ऑक्टोपॅडमध्ये ढोलकी आणि हलगीचे आवाज भरून रात्रभर वाजवणाऱ्या पोरांना कुणी इलेक्ट्रॉनिक आर्टिस्ट म्हणत नाही. मी म्हणतो.

आता लूपचं. मी पुण्यात राहतो, जाहिरातींचं संगीत करतो आणि स्टेजवर लॅपटॉप घेऊन उभा राहतो. सुरुवातीला आम्ही तिघं होतो: मी, माझा तेव्हाचा भागीदार, आणि बार्शीकडचे एक संबळवाले, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना घरंदाज गोंधळी. वडील, आजोबा सगळे गोंधळ घालणारे. त्यांना आम्ही स्टुडिओत बसवून दिवसभर रेकॉर्ड केलं होतं. गाण्याच्या तयारीसाठी केलेलं काम होतं ते, विकण्यासाठी नव्हे.

पुढे एका मोठ्या हॉटेलातल्या कार्यक्रमाची सुपारी आली. आयोजक म्हणाले, माणसं कमी करा, तिसऱ्या माणसाचा प्रवास आणि राहणं परवडत नाही. भागीदार मला म्हणाला, "नानांचा आवाज आहेच की आपल्याकडे. लूप लावू. लोकांना काय कळतंय?" मी नाही म्हटलं. कडाक्याचं भांडण झालं. तो एकटा गेला आणि नानांच्या वाजवण्यावर तासभर कार्यक्रम करून आला. नानांचं नाव ना पडद्यावर, ना तोंडी.

त्याचा व्हिडिओ नानांना त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवर दाखवला. नानांनी मला फोन केला. पैशाचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. म्हणाले, "वाजीवणं माझंच हाय. पर ह्यो ठेका आवाहनाचा हाय की रं. देवी यायच्या आदी वाजतो. आन् हितं तर मानसं पेले घिऊन हुबी हायती."

गोंधळ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पूर्वरंगात गण होतो, मग एकेका देवतेला नावानिशी गोंधळाला बोलावलं जातं, मग उत्तररंगात आख्यान लागतं, शेवटी आरती. प्रत्येक ठिकाणचं वाजवणं वेगळं. आवाहनाची लय चढत जाते. तुळजापूरच्या भवानीचं नाव येईपर्यंत नानांचा हात सुरुवातीपेक्षा कितीतरी पुढे गेलेला असतो. भागीदारानं त्यातल्या चार मात्रा कापल्या, संगणकाच्या ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या खुणांवर, घट्ट बसवल्या आणि १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) तासभर फिरवल्या. चढणारी लय एका जागी खिळवून ठेवली. आवाज संबळाचाच होता, पण संबळ जे करतं ते त्यात कुठेच नव्हतं.

म्हणून "लोकांना काय कळतंय" हे वाक्य मला आजही सहन होत नाही. लोकांना कळतं. नाना समोर उभे राहून लय चढवतात तेव्हा ज्यांनी जन्मात गोंधळ पाहिलेला नाही तेही पुढे सरकतात. लूपवर माणसं नाचतात, हे खरं. पण लूपवाला बदलला तरी त्यांना फरक पडत नाही, आणि इथेच तुमच्या करिअरचा प्रश्न येतो. जो लूप तुम्हाला मिळतो तो सगळ्यांना मिळतो. पुढच्या वर्षी तुमच्यापेक्षा कमी पैशात तोच लूप लावणारा उभा राहणार. नाना कुणाला डाउनलोड करता येत नाहीत.

त्यानंतर आम्ही उलटं केलं: यंत्र नानांच्या मागे चालवायचं. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या अकराव्या आवृत्तीपासून बाहेरून येणारा ठेका ऐकून टेम्पो हलवायची सोय आहे. ती संबळाच्या भरगच्च वाजवण्यावर कधी कधी गोंधळते, म्हणून तिला झांजेचा माइक ऐकवायचा, झांज सरळ मात्रेवर पडते. वादकाच्या कानात टिकटिक देऊ नका. ज्यानं आयुष्यभर झांजेबरोबर वाजवलंय त्याला कानातही झांजच द्या. संबळाच्या मोठ्या भांड्यावर वाकडी काठी घासून जो घुमारा निघतो तो नेमका तुमच्या किक ड्रमच्या, म्हणजे यंत्रातल्या खालच्या ठोक्याच्या, जागेवर बसतो. तिथे किक काढून टाका. सगळे नवे प्रोड्यूसर इथे संबळाचा खालचा आवाज कापतात आणि वर नुसती टणटण ठेवतात. तसं असेल तर संबळ घेतलंतच कशाला?

हलगीचं वेगळं. कातडी हलगी जाळावर शेकून चढवावी लागते आणि बंद सभागृहात जाळ करू देत नाहीत. एसी लागला की ती उतरते. इलेक्ट्रिक शेगडीची सोय आधी करून ठेवा, नाहीतर वादक नाइलाजानं फायबरच्या पानाची हलगी आणेल. मिरवणुकीत तिची कुरकुर नसते, माइकवर मात्र ती पत्र्यासारखी वाजते.

तारखांचंही बघा. तुळशीच्या लग्नापासून पुढे गोंधळ्यांची लगीनसराई असते, आणि शहरातले कार्यक्रम नेमके डिसेंबर-जानेवारीत. नवरात्रात तर विचारूसुद्धा नका. तुमच्या कार्यक्रमासाठी त्यांनी यजमानाचा गोंधळ मोडावा असं म्हणू नका. यजमानांची ती घरं पिढ्यान्पिढ्या त्यांच्याशी जोडलेली असतात, तुमचा कार्यक्रम एका रात्रीचा.

पैशाचं रोखठोक सांगतो. ऑनलाइन ऐकण्यातून घरभाडं निघत नाही. माझं घर जाहिराती आणि पार्श्वसंगीतावर चालतं, स्टेजचे पैसे वरचे. स्टेजचं मानधन सगळ्यांत सारखं वाटून घ्या, लॅपटॉपवाल्याला जास्त आणि वादकाला "बिदागी" हा प्रकार बंद करा. रेकॉर्डिंगच्या आधी साध्या मराठीत कागद करा: हे रेकॉर्डिंग कशासाठी, नाव कुठे येणार, पुन्हा वापरलं तर किती. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते, पण कुणीतरी गाऊन प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो, त्यामुळे जुन्या शाहिराचा आवाज उचलून "हे तर लोकगीत" म्हणता येत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीवर कलावंताचाही हक्क मानला आहे. बहुतेक लोककलावंतांना हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि सांगणारा तुमच्याआधी तिथे पोचलेला नसतो.

माझा तो भागीदार आज माझ्यापेक्षा जास्त कमावतो. हे लपवत नाही, कारण कुणीतरी खाली लिहीलच. त्यानं लग्नांची आणि कंपन्यांची कामं धरली, माणसं कमी, खर्च कमी, महिन्याला कितीतरी कार्यक्रम. तो रस्ता आहे आणि त्यावर पैसा आहे. त्याला लोकसंगीत म्हणायला माझी हरकत आहे, एवढंच. समोरासमोर त्यानं मला विचारलं होतं की नानांना वर्षाला किती कामं देणार आहेस तू? तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे: नाना आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतात, आणि त्यांना जमत नसेल त्या तारखेला त्यांचा पुतण्या.

काही गोष्टी राहिल्या. घरी बसून शिकण्यासाठी सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे संच) वापरायला माझी ना नाही, प्रसिद्ध करू नका. तुमच्याच घरात ही परंपरा असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, काय कुठे वाजवावं हे तुम्ही ठरवणार. आणि सगळेच वादक नानांसारखा विचार करत नाहीत. काहींना आवाहनाचा ठेका पार्टीत वाजला तरी चालतं, पैसे वेळेवर मिळाले की झालं. तेही बरोबरच आहे, फक्त त्यांना आधी विचारा.

कोर्सचं म्हणाल तर ध्वनिमुद्रण शिकवणारा कोणताही सहा महिन्यांचा बरा कोर्स पुरेल. त्याआधी ओळखीच्या घरी गोंधळ असेल तिथे जाऊन आरतीपर्यंत बसा. लॅपटॉप आहे तो चालेल. पैसे साठवून आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) मात्र घ्या, कारण संबळाला दोन, तुणतुणं, झांज आणि दोन गळे धरले तर सहा माइक इथेच झाले.