मुलगा ‘ले स्पीकर’ होतोय, नोकरी सोडत नाहीये

प्रश्न : आम्ही पुण्यातलं मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, कुटुंब. मुलगा अमेरिकेत एमएस करून टेक्सासमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत आहे, एच-वन-बी व्हिसावर. तिथल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये त्याला ‘ले स्पीकर’ व्हायचंय. शिक्षणाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. तो नोकरी सोडून पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होणार का? यात काही करिअर तरी आहे का? – एक आई

उत्तर : ताई, करिअर नाही. ‘ले’ म्हणजे धर्मगुरू नसलेला साधा सभासद, आणि ले स्पीकरला पगार नसतो. पाळक रजेवर असले, किंवा एखाद्या छोट्या मंडळीला (चर्चच्या सभासदांच्या समूहाला) पाळकच नसला, की तो उपासना चालवतो आणि उपदेश करतो. बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन हे विधी त्याच्या हातात येत नाहीत. सोमवारी तो पुन्हा ऑफिसात. म्हणून नोकरीची काळजी तूर्त सोडा.

मेथडिस्टांत ही रीत सुरुवातीपासूनची आहे. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली लंडनबाहेर गेले असताना तिथे थॉमस मॅक्सफील्ड नावाचा साधा माणूस उपदेश करू लागला. वेस्ली चिडून परतले, तर त्यांच्या आईनेच, सुझॅनाबाईंनी, आधी त्याचं ऐकून घ्या म्हणून थांबवलं. 1771 मध्ये अमेरिकेला गेलेले आणि तिथे मेथडिस्टांचे बिशप झालेले फ्रान्सिस अ‍ॅसबरी हेही आधी लोहारकामाची उमेदवारी करणारे उपदेशकच होते. तुमच्याच परंपरेतली गोष्ट आहे, मुलाने परदेशात काही नवं खूळ घेतलेलं नाही.

आता मुलासाठी. पहिली अट त्या मंडळीचं रीतसर सभासदत्व. नुसतं दर रविवारी जाऊन बसणं पुरत नाही, तेव्हा पुण्याच्या चर्चचं पत्र मागवायचं असेल तर आधी ते करा. 2012 पासून या सगळ्या सेवेला ‘ले सर्व्हंट मिनिस्ट्रीज’ म्हणतात. कोर्स त्या नावाखाली शोधावा. सुरुवात बेसिक कोर्सने होते. मग पाळकांची आणि मंडळीची शिफारस लागते, आणखी एक कोर्स करून ‘सर्टिफाइड ले सर्व्हंट’ होता येतं. ‘सर्टिफाइड ले स्पीकर’ त्याच्या पुढची पायरी : उपासना चालवणं, प्रार्थना, उपदेश, मेथडिस्ट इतिहास आणि चर्चची व्यवस्था असे कोर्स, वर मुलाखत. पुढेही दरवर्षी कामाचा अहवाल द्यावा लागतो. घाई असणाऱ्याचं हे काम नाही, आणि ते बरंच आहे.

कोर्सच्या आधी त्याने पाळकांकडे शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचायचं काम मागावं. दर रविवारी कोणीतरी वाचतंच. इंग्रजीत मोठ्याने, सावकाश, मान वर करून वाचता आलं की निम्मी भीती जाते. सॉफ्टवेअरवाल्या मुलांना स्लाइड दाखवत बोलायची सवय असते. व्यासपीठावर स्लाइडचा आधार नको, एक शास्त्रभाग आणि त्यावर एकच मुद्दा पुरे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी तिथे ‘लेइटी संडे’ असतो, त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी सभासदच उपदेश करतात. पहिल्या संधीसाठी त्याहून चांगला दिवस नाही. उन्हाळ्यातच पाळकांना सांगून ठेवायला हवं.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत त्याला कळवा. दुसऱ्या चर्चमध्ये बोलायला गेल्यावर कधीकधी मानधनाचं पाकीट देतात. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला दुसरीकडे कमाई करता येत नाही. पाकीट घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. नाहीतर सरळ ‘नको’ म्हणावं. लोकांना वाईट वाटत नाही.

उद्या त्याने खरोखरच पाळक व्हायचं म्हटलं, तर तो रस्ता निराळा आहे. ‘एल्डर’, म्हणजे दीक्षित पाळक, व्हायला साधारण 3 वर्षांची पूर्णवेळ एम. डिव्ह. (धर्मशास्त्राची) पदवी लागते, नंतर बिशप नेमतील त्या गावी जावं लागतं, आणि व्हिसाचंही सगळं नव्याने पाहावं लागतं. तो निर्णय कर्ज फिटायच्या आत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘लोकल पास्टर’ हा मधला मार्गही आहे, त्यात लायसन्स आणि टप्प्याटप्प्याने शिक्षण असतं. पण ताई, आत्ता त्याने हे विचारलेलंच नाही. तुम्हीही फोनवर तो विषय काढू नका.