चोपड्याच्या भाऊंना, बर्लिनहून

भाऊ, तुम्ही मूळचे चोपड्याचे, सध्या पुण्यात मोठ्या आयटी कंपनीत आहात. बर्लिनच्या चाळीस माणसांच्या एका स्टार्टअपनं बोलावलंय, पगाराच्या जोडीला शेअर देतायत, मुलगा तिसरीत आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना काय आवडतं, काय खुपतं, आणि यावं की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी अमळनेरची. बर्लिनमध्ये अशाच एका कंपनीत होते, आता दुसरीत आहे. व्हिसाला किती पगार लागतो, कुठले दाखले लागतात हे सरकारी माहितीत नीट मिळतं, ते सोडून देते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यात जे फिरतंय ते लिहिते.

आवडतं ते आधी, कारण ते खरं आहे आणि त्याच्यासाठीच मी अजून इथं आहे. पुण्यात माझ्या कामावर लीड, मॅनेजर, डिलिव्हरी हेड अशी उतरंड होती. मी लिहिलेलं कोण वापरतं हे मला कधी कळलं नाही. इथं सकाळी लिहिलेला कोड संध्याकाळी लोकांच्या हातात असतो, आणि बिघडला तर त्या लोकांचे फोनही आपल्यालाच. संस्थापक शेजारच्या टेबलावर बसतो. त्याला नावानं हाक मारायची. तुझी योजना चालणार नाही असं तोंडावर सांगितलं तर तो खुर्ची ओढून का म्हणून विचारतो. मी अमळनेरच्या मराठी शाळेत शिकलेली. मोठ्यांसमोर असं बोलता येतं हे मला इथं कळलं. आजारी पडलं तर कायद्यानं सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, रजेसाठी गयावया करावी लागत नाही.

खुपतं तेही तिथलंच. तीन महिने खपून बांधलेली गोष्ट एका सोमवारी रद्द होते, कारण गुंतवणूकदाराला दुसरं काहीतरी हवं असतं. फंडिंग, म्हणजे गुंतवणूकदारांकडून नवे पैसे घ्यायची वेळ, जवळ आलं की शनिवार-रविवार जातो. शिकवायला वरिष्ठ कोणी नसतं. हे सगळं सोसता येतं.

शेअरचं मात्र नीट ऐका. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी तिचे शेअर विकले नाहीत त्यांच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे करारात शेअर दिसले की आपलं काळीज सुपाएवढं होतं. पण ते खरे शेअर होते, त्यांवर लाभांश यायचा. जर्मन स्टार्टअप बहुतेक वेळा आभासी शेअर देतात. कंपनी विकली गेली किंवा बाजारात उतरली तरच पैसे, तेही बऱ्याचदा गुंतवणूकदारांचा वाटा निघाल्यावर. साधारण चार वर्षांत ते हळूहळू आपल्या नावे होतात, पहिल्या वर्षात सोडलंत तर काहीच नाही. नोकरी सोडली की नावे झालेलेही बुडतात, अशी कलमं सर्रास असायची. मार्च २०२५ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय कामगार न्यायालयानं तसं एक कलम अवैध ठरवलं. पगार मोजताना हे शेअर शून्य धरा. शून्य धरूनही महिना निघत असेल तरच पुढचं बोला.

पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. बेकारभत्त्यालाही आधी वर्षभर बेकारी विम्याचे हप्ते भरलेले लागतात. माझ्या पहिल्या कंपनीचे पैसे संपले ते आम्हाला एका व्हिडिओ कॉलवर कळलं. माझ्या जर्मन सहकाऱ्याची नुसती नोकरी गेली. माझी गेली तेव्हा नवऱ्याचा आणि मुलीचा राहण्याचा परवानाही माझ्याच नोकरीला बांधलेला होता. नवी नोकरी वेळेत मिळाली. पण मधल्या दिवसांत मुलगी शाळेतून आली की मी तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

आता शाळा. स्टार्टअपमध्ये सगळं इंग्रजीत चालतं. मीटिंग इंग्रजीत, जेवण इंग्रजीत, शुक्रवारची बिअर इंग्रजीत. नव्या माणसाला ते फार बरं वाटतं. दिवसभर बोलून, चुका काढून, हसून घरी यायचं, आणि दारातल्या पत्रपेटीतलं एक पत्र वाचता यायचं नाही. (त्या पेटीवर पहिल्या दिवशी आडनाव लावा. घर दुसऱ्याच्या नावावर होतं, पेटीवर आमचं नाव नव्हतं, तर बँकेचं, कराचं सगळं टपाल परत जात राहिलं.)

मुलगी आली तेव्हा चौथीत होती. जळगावला तिचं गणित पहिल्या दोघांत. इथं जर्मन न येणाऱ्या मुलांचा वेगळा वर्ग असतो, त्यात बसवली आणि चित्रं रंगवायला दिली. गणित तपासा म्हणून मी सांगत होते, बाई मान हलवत होत्या. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, मग पुढे कुठली शाळा योग्य याची शिफारस शिक्षक करतात. गिम्नाझियमची, म्हणजे सरळ विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस तिला मिळाली नाही. त्या बैठकीत आम्हाला सुचवलं की घरी जर्मन बोला. माझी सासू फोनवर नातीशी अहिराणीत बोलते, ती एवढी एकच वेळ दोघींची. ते मला सांगायचं होतं, आणि माझ्याजवळ एक वाक्य नव्हतं. त्याच सकाळी मी संस्थापकाला त्याचा हिशेब चुकतोय म्हणून पटवून आले होते. मुलगी दुसऱ्या प्रकारच्या शाळेत गेली, तिथूनही विद्यापीठात जाता येतं, ती खूश आहे, मैत्रिणी आहेत. माझा राग गेलेला नाही. तो कोणावर आहे हेही मला धड सांगता येत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. आखाजी आणि कानबाई या आपल्या खानदेशी सणांना जास्त असतो. भरताची वांगी मिळत नाहीत. आपली माणसं कामासाठी सुरतेला गेली तेव्हाही असेल. त्यावर निर्णय ठरवू नका.

या. पण सही करण्याआधी त्यांना विचारा की कंपनीच्या हातातले पैसे किती महिने पुरतील, आणि मोघम उत्तर आलं तर नाही म्हणा. जर्मनच्या वर्गासाठी आठवड्याचे कामाचेच काही तास करारात लिहून मागा, तोंडी कबुली नको. फंडिंगच्या गडबडीत तो वर्ग सगळ्यात आधी बुडतो. मुलगा तिसरीत आहे म्हणजे अजून वेळ आहे. तुमच्या नोटिशीचे महिने जातीलच, तेवढ्यात त्याला पुण्यातच जर्मनची शिकवणी लावा, आणि तुम्ही व वहिनी मॅक्स म्युलर भवनात नाव घाला. इथल्या शाळेच्या पहिल्या बैठकीला तुम्हा दोघांपैकी एकाला तरी बोलता आलं पाहिजे.