शेवट ठाऊक असूनही रडू का येतं?

प्रश्न : ‘विंटर सोनाटा’ या कोरियन मालिकेत पुढे काय होणार ते कळतं, तरी डोळे भरून येतात. असं का?

उत्तर : कळतं म्हणूनच. नायक जुनसांग दहा वर्षांनी परततो तो स्मृती हरवून, दुसऱ्या नावाने. आपण त्याला ओळखतो, तो स्वतःला ओळखत नाही. त्यामुळे त्याची पहिली प्रेयसी युजिन हिच्या प्रत्येक साध्या प्रश्नानेही जीव कासावीस होतो. नामी बेटावरचा बर्फ आणि तीच पियानोची धून पुन्हा आली, की पहिली भेट आपल्याला आठवते, त्याला नाही.

सलग पाहू नका, धून कंटाळवाणी होते. 2002 मध्ये केबीएस या कोरियन वाहिनीवर सोमवार-मंगळवारी मिळून आठवड्याला दोनच भाग लागत; वीस भाग तसेच पाहा. डबिंग टाळा, आवाजातला कंप हरवतो.