सूत्रं तीन, ब्लॅडर एकच

३ वर्षांच्या मुलीच्या एमसीयूआधी (ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, नळीने भरून लघवी करतानाचा एक्स-रे) तुम्ही ब्लॅडरच्या क्षमतेची तीन सूत्रं लावलीत, उत्तरं आली १२०, १५० आणि २२५ मिली, आणि तिने ९० मिलीलाच टेबलावर लघवी केली. आता रिपोर्टमध्ये क्षमता काय लिहू, असं विचारताय.

गणित तुमचं बरोबर आहे. (वय + १) × ३० हे सूत्र मुळात ४ ते १२ वर्षांसाठी, म्हणजे इथे ते ताणलं गेलं. (वय + २) × ३० हे संशोधक कॉफ यांचं, तोंडी करायला सोपं. वयाच्या निम्मे अधिक ६, उत्तर औंसमध्ये (१ औंस म्हणजे सुमारे ३० मिली), हे संशोधक केफर यांचं, २ वर्षांपुढच्या मुलांसाठी. तान्ह्या बाळांना यातलं काहीच लावू नका; तिथे किलोतलं वजन गुणिले ७. ६ किलोच्या बाळाला ४२ मिली, बस्स.

मी सूत्र वापरतो ते बाटलीत किती कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारं औषध) घ्यायचा हे ठरवायला. कुठे थांबायचं ते मूल सांगतं: थेंब मंदावतात, पायाची बोटं आखडतात, कॅथेटरच्या (ब्लॅडरमधल्या नळीच्या) कडेने गळायला लागतं. बाटली टेबलापासून साधारण १ मीटर उंच ठेवा आणि आपोआप उतरू द्या. सिरिंजने ढकललंत तर आकडा तुमच्या अंगठ्याचा येईल, ब्लॅडरचा नाही.

आता ते ९०. घाबरलेलं मूल, आत नळी, ब्लॅडर लवकर आकसणारच. ही क्षमता नव्हे. कॅथेटर जागेवर असेल तर पुन्हा भरा. लहान मुलांत दुसऱ्या फेरीत रिफ्लक्सही (लघवी ब्लॅडरमधून उलट किडनीकडे चढणं) जास्त सापडतो. आणि सुरुवातीला आतली लघवी पूर्ण काढली होती का? नसेल तर तीही धरायला हवी.

उलटी चूकही होते. एकदा १ वर्षाच्या मुलात २०० मिली गेले म्हणून मी 'मोठं ब्लॅडर' लिहून बसलो होतो. नंतर फिल्म नीट पाहिल्या, तर निम्मा कॉन्ट्रास्ट फुगलेल्या युरेटरमध्ये (किडनीतून ब्लॅडरकडे येणाऱ्या नळीत)! मोठ्या ग्रेडचा रिफ्लक्स असेल तर आत गेलेला आकडा ब्लॅडरचा मानू नका.

रिपोर्टमध्ये 'क्षमता' हा शब्द टाळून 'एवढे मिली भरले, एवढ्यावर लघवी झाली, नंतर एवढी उरली' असं लिहा. खरी क्षमता हवीच असेल तर आईला दोन दिवस घरी प्रत्येक लघवी मापायला सांगा. त्यातली सर्वांत मोठी घ्या, पण सकाळची पहिली सोडून.