वसईच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला जाताना काय घालायचं?

मैत्रिणीने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला बोलावलंय आणि तुम्ही ख्रिश्चन नाही म्हणून टेन्शन आलंय, तर अजिबात घेऊ नका. फ्रॉक-गाऊनच लागतो असं काही नाही, वसईत मिस्सा बहुतेक ठिकाणी मराठीत असते आणि बायका साडी, पंजाबी ड्रेस बिनधास्त घालतात, जुन्या आज्या तर अजूनही लुगडं नेसून येतात आणि ते बघायला मला फार आवडतं! फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्लीव्हलेस असेल तर वर ओढणी किंवा स्टोल घ्या. पुरुषांना साधी पॅन्ट-शर्ट पुरते, हाफ पॅन्ट नको, टोपी आत काढायची. चपला बाहेर काढाव्या लागतात का असं बरेच जण विचारतात, तर इथल्या कॅथलिक चर्चमध्ये साधारणपणे नाही, पण मध्येमध्ये उभं राहणं, गुडघे टेकणं असतं त्यामुळे फार टाइट काही घालू नका प्लीज. गुड फ्रायडेला मात्र भडक रंग टाळा, तो दुःखाचा दिवस, बरेच जण काळं किंवा पांढरं घालतात. नाताळला उलट, मध्यरात्रीच्या मिस्साला एकदम नवे कपडे, आणि मैदानात मिस्सा असेल तर थंडी वाजते, शाल न्याच.