मंडळाने मिळून नाटक पाहिले की निम्मे खूश आणि निम्मे नाराज, असे का होते?

आपण लिहिता की नंदुरबारच्या आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने बस करून धुळ्याला एक व्यावसायिक नाटक पाहिले, परतताना काही जण भारावलेले होते, काही पेंगत होते आणि चार-पाच जणांनी "असले नाटक दाखवायला एवढ्या लांब आणले का?" असा सूर लावला. पुढच्या वेळी सर्वांना आवडेल असे नाटक कसे निवडावे आणि नाराज सभासदांना वर्गणीतले काही पैसे परत द्यावेत का, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी अमळनेरचा. आमच्याकडेही असा एक गट आहे, तो सोयीप्रमाणे कधी जळगावला तर कधी धुळ्याला नाटकाला जातो आणि त्याच्या तिकिटांची वाटणी व हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांना आवडेल असे नाटक शोधण्याच्या फंदात पडू नये, हे आधीच सांगून टाकतो. साहित्य संमेलन आमच्या गावात दोनदा, 1952 आणि 2024 साली, भरले, तरी आमच्या बसमध्येही आपल्या बसइतकेच तट पडतात. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून पाहावी, ती म्हणजे बसमध्ये ऐकू आलेली नाराजी खरोखर नाटकावरची होती का. माझ्या पाहण्यात तिचा मोठा भाग सहलीवरचा असतो आणि तो नाटकाच्या नावाने बोलला जातो. मागची खुर्ची मिळाली, गुडघे आखडले, जेवायला साडेअकरा वाजले, हे सांगायला सुशिक्षित माणसाला संकोच वाटतो. नाटकात दम नव्हता हे सांगायला तो वाटत नाही, उलट आपण जाणकार ठरतो.

खुर्चीचेच उदाहरण घ्या. आमच्या गटातील एक निवृत्त शिक्षक एका प्रयोगाला शेवटून दुसऱ्या रांगेत, दाराच्या अगदी शेजारी बसले होते. दार उघडले की बाहेरच्या दिव्याची पट्टी त्यांच्या चष्म्यावर पडे, आणि नट रंगमंचाच्या कडेच्या माईकपासून दोन पावले मागे सरकला की प्रत्येक वाक्याची शेपटी गळून जाई. मध्यंतरात त्यांनी निकाल दिला, "आजकालचे नट पुटपुटतात, पाठांतर कच्चे आहे." त्याच प्रयोगाला चौथ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीला त्याच नटाचा आवंढा गिळतानाचा आवाजसुद्धा ऐकू आला होता. घरी परतल्यावर दोघांनी दोन वेगळी नाटके पाहिली असावीत असे बोलणे चालले होते, आणि एका अर्थाने ते खरेही होते. तेव्हापासून आम्ही ऐकू कमी येणाऱ्यांना आणि गुडघेदुखी असलेल्यांना आधी विचारून पुढच्या व कडेच्या खुर्च्या देतो, मग उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकतो. वर्गणी सर्वांची सारखी आणि रांगा मात्र वेगवेगळ्या दरांच्या, असे झाले की कुरबुर ठरलेली. म्हणून एक तर सगळी तिकिटे एकाच दराची घ्यावीत किंवा वर्गणी रांगेप्रमाणे ठेवावी.

खानदेशात यात अंतराची भर पडते. पुण्यातला माणूस प्रयोगाच्या अर्धा-पाऊण तास आधी घरातून निघतो आणि नाटक फसले तर त्याची एक संध्याकाळ वाया जाते. आपल्याकडे अडीच तासांच्या दोन अंकी नाटकासाठी सबंध दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की माणूस नाटकाकडून त्या दिवसाची भरपाई मागू लागतो. शिवाय कलाकारही दमूनच आलेले असतात. मुंबई ते जळगाव हे अंतर 400 किलोमीटरांहून अधिक आहे. नेपथ्य ट्रकने आणि मंडळी बसने येते, ट्रक उशिरा पोहोचला तर तिसरी घंटा उशिरा होते, आणि मग लांब जायचे असलेल्या प्रेक्षकाचे अर्धे लक्ष दुसऱ्या अंकात घड्याळाकडे असते.

निवडीबद्दल आपण स्वतःला जितका दोष देत आहात, तितकी ती आपल्या हातात नसते, हेही लक्षात घ्यावे. आपल्या भागात बाहेरचे नाटक बहुधा दौऱ्यावर किंवा कॉन्ट्रॅक्टवर येते. म्हणजे स्थानिक आयोजक ठरावीक रक्कम देऊन प्रयोग घेतो आणि सभागृह भरले नाही तर तोटा त्याच्या अंगावर येतो. साहजिकच तो मालिकेतले ओळखीचे चेहरे असलेले, शक्यतो विनोदी नाटक आणतो. त्यामुळे आपण निवड करतो ती आलेल्या दोन-तीन नाटकांतून. मालिकेतल्या चेहऱ्याचा आणखी एक परिणाम असा की, काही सभासद नाटकाला येतच नाहीत, ते त्या चेहऱ्याला भेटायला येतात. मालिकेत सोशिक सून असलेली अभिनेत्री रंगमंचावर सिगारेट ओढताना दिसली की त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. उलट प्रयोगानंतर ज्यांना रंगपटात जाऊन तिच्यासोबत फोटो काढायला मिळतो, त्यांना नाटक हमखास आवडलेले असते. हा माझा थोडा खवचट अनुभव आहे, पण तो अजून खोटा ठरलेला नाही.

आता जी नाराजी खरोखर नाटकावरची असते तिच्याकडे येतो, कारण तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. मुंबईची लोकल, इमारतीचा पुनर्विकास, पुण्याच्या पेठा यांवरचे विनोद आपल्याकडे पोहोचतात ते मालिकांमधून, उसने होऊन. पुढच्या रांगांतून हशा येतो आणि मागच्या रांगा कशावर हसायचे याचा अंदाज घेत बसतात. पण भाषा आणि संदर्भ हुकले म्हणजे नाटकच हुकले, असे मात्र नाही. गावाकडून लेकीसोबत आलेल्या एका आजींना मी मध्यंतरात विचारले, तेव्हा त्या अहिराणीत म्हणाल्या, "मना ध्यानमा काही उनं नही, पन ती पोर रडनी तवय माले बी रडू उनं." ध्यानात काही आले नाही आणि रडू मात्र आले, ही प्रतिक्रिया आवडण्याच्या रकान्यात टाकावी की न आवडण्याच्या? मला वाटते, आपल्या बसमधल्या 'निम्म्या-निम्म्या'तही अशी बरीच माणसे असतील, फक्त त्यांना कोणी सवडीने विचारलेले नसेल.

ज्येष्ठांच्या मंडळात सर्वाधिक तट पाडणारा विषय म्हणजे म्हातारपणच. मुलगा परदेशी, घर मोठे, फोनची वाट पाहणारे आईवडील, अशा धर्तीची नाटके आयोजकाला ज्येष्ठांसाठी योग्य वाटतात आणि नेमकी तीच काहींना सोसत नाहीत. आमच्यातील एक काका अशा नाटकाच्या पहिल्या अंकानंतर बाहेर पडले ते आत आलेच नाहीत. घरी तेच आणि इथे पैसे देऊन पुन्हा तेच कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम फोन करून सांगितले की आपल्या मनातले कोणीतरी मोठ्याने बोलले, याचे त्यांना बरे वाटले. या दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि काकांना त्रास होऊ नये म्हणून असे विषय कायमचे टाळायचे ठरवले असते, तर त्या बाईंच्या वाट्याला ते नाटक कधीच आले नसते. आम्ही आता एवढेच करतो की नाटक कशाबद्दल आहे ते वर्गणी घेतानाच चार वाक्यांत स्पष्ट सांगतो. शेवट सांगत नाही, पण विषय लपवत नाही.

हीच गोष्ट मोकळ्या संवादांची. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, परंतु चित्रपटाच्या जाहिरातीत यू किंवा यूए अशी अक्षरे असतात तशी नाटकाच्या जाहिरातीत नसतात. त्यामुळे आयोजकाला किंवा आधी पाहिलेल्या माणसाला फोन करून विचारणे एवढाच मार्ग उरतो. मात्र इथेही नाटकापेक्षा खुर्ची अधिक बोलते. मैत्रिणींमध्ये बसलेली बाई ज्या वाक्याला खळखळून हसली असती, त्याच वाक्याला शेजारी सासरे किंवा जेठ बसलेले असतील तर ती पदर सावरून समोर बघत राहते आणि नंतर "नाटक जरा वाह्यात होते" असे सांगते. म्हणून कुटुंबे एका रांगेत बसवण्याचा आग्रह धरू नये. समवयस्कांना एकत्र बसू द्यावे; त्याच नाटकाबद्दलची मते किती बदलतात ते पाहून आपल्यालाही नवल वाटेल.

जुन्या पिढीच्या अपेक्षा आणखी वेगळ्या असतात. बालगंधर्व (1888–1967) लहानपणी काही काळ जळगावात शिकायला होते, त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह तिथे आहे, आणि नाटक म्हणजे गाणे असे मानणारी चार घरे आपल्या भागात अजूनही सापडतात. एकही पद नसलेल्या नाटकाला ती मंडळी मनातून नाटक म्हणायला तयार नसतात. दुसरीकडे तमाशा आणि वहीगायन (आपल्या खानदेशातली एक लोककला) उघड्यावर पाहत वाढलेली माणसे आहेत, ज्यांना रंगमंचावरच्या माणसाला बसल्या जागेवरून उत्तर देण्याची सवय आहे. बंद सभागृहात पुढच्या रांगेने वळून "शू" केले की त्यांचा विरस होतो, आणि शू करणाऱ्याचा त्यांच्या बोलण्याने. दोघेही आपल्याच मंडळाचे सभासद असतात. मोबाइल वाजण्याबद्दल मात्र माझी सहानुभूती कोणालाच नाही. आम्ही बसमधून उतरतानाच दारात उभे राहून प्रत्येकाचा फोन बंद करायला लावतो.

मत विचारण्याची वेळही महत्त्वाची. परतीची बस ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. सगळे दमलेले असतात, पोटात मध्यंतरातल्या वड्यापलीकडे काही नसते, आणि गटात मान असलेल्या एखाद्या आबांनी पहिले वाक्य मोठ्याने बोलले की मागचे दहा जण माना डोलावतात. आबांनी "वा" म्हटले तर नाटक चांगले, "हॅट" म्हटले तर वाईट. हिवाळा असेल तर वाटेत भरीत-पुरी खाऊ घालावी, गाण्याच्या भेंड्या लावाव्यात, पण नाटकाचे नाव काढू नये. दोन-तीन दिवसांनी एकेकाला वेगळे गाठून "काय लक्षात राहिले?" असे विचारावे. आवडले का, असे विचारू नये, कारण त्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते.

तरीही वारंवार नाराजी येत असेल, तर मधला एखादा प्रयोग राज्य नाट्य स्पर्धेचा ठेवून पाहा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जळगाव केंद्रावरही होते, तिकीट नाममात्र असते आणि रंगमंचावर आपल्याच जिल्ह्यांतले शिक्षक, कारकून, विद्यार्थी असतात. प्रयोग कधी कच्चा निघतो, कधी डोक्यावरून जातो, हे मान्य. पण केवळ चेहरे पाहायला येणारे सभासद त्या दिवशी आपोआप घरी राहतात, वर्गणी कमी असल्याने भरपाईची भावना उरत नाही, आणि जे येतात ते नाटकावर बोलतात. आमच्याकडे सर्वांत कडाक्याचे वाद झाले ते अशाच प्रयोगांनंतर, आणि त्या वादांत खुर्ची, बस किंवा जेवण यांचा उल्लेख कोणी केला नाही.

राहिला पैसे परत देण्याचा प्रश्न. नाटक आवडले नाही म्हणून एक रुपयाही परत देऊ नये, कारण एकदा दिला की पुढच्या वेळी आवडूनही न आवडल्याचे सांगणारे निघतील. बसचे भाडे, तिकिटे, चहा-वडा आणि जेवण यांचा हिशेब मात्र लेखी, पावत्यांसह, आठवड्याच्या आत सर्वांपुढे ठेवावा आणि काही शिल्लक राहिली असेल तर ती नाराज व खूश अशा सगळ्यांना सारखी वाटावी. ठरलेली रांग न मिळालेल्या किंवा खांबाआड बसावे लागलेल्या सभासदाला तिकिटाच्या दरातला फरक जरूर द्यावा, आणि तो त्याने मागण्याआधी द्यावा. आपल्या बसमधल्या त्या चार-पाच जणांपैकी कोण कुठे बसले होते, ते आधी तिकिटांच्या यादीत पाहून घ्या.