ठाण्यात राहून बी.ए.ला समाजशास्त्र घ्यावे का?

बारावीनंतर समाजशास्त्र घेतल्यास पाठांतरापलीकडे हाती काय लागते, असे आपण विचारले आहे. हा विषय जरूर घ्यावा, मात्र तो केवळ नोट्सच्या भरवशावर शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला आणि पुढे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांच्या काळात जात व नातेसंबंधांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र बनला. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी.

सुरुवातीला भूमिका, दर्जा, स्तरीकरण (समाजातील उच्च-नीच थर) अशा संकल्पना कोरड्या वाटतात. त्या समजून घ्यायच्या असतील तर पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये जावे. तेथे माथाडी (ओझी वाहणारे) कामगार टोळीने काम करतात, टोळीला मुकादम असतो, आणि त्यांतील अनेकांची मुळे सातारा-सांगलीकडच्या गावांत असल्यामुळे स्थलांतर, भावकी आणि गावाशी टिकून राहिलेले नाते एकाच गाळ्यासमोर दिसते. त्यांच्या कामाचे नियमन १९६९ च्या माथाडी कायद्याने होते, म्हणजे कायदा आणि रूढी एकमेकांना कशा घडवतात, हेही तेथे अभ्यासता येते. अर्थात, लोकांना प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि कामाच्या गर्दीत त्यांना अडवू नये.

नोकरीचे म्हणाल, तर समाजकार्य, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा हे मार्ग खुले आहेतच. परंतु संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र यांकडे अनेक विद्यार्थी पाठ फिरवतात, ते आपण कृपया करू नये. सर्वेक्षणाची प्रश्नावली नीट तयार करता येणे हे प्रत्यक्ष कामात फार उपयोगी पडते.